पहिली काता, चाकूर मार्गे

मी एकदा मनावर घेतलं की ती गोष्ट होतेच! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. एसटीत कंडक्टर व्हायचं म्हटलं तेव्हा सासऱ्यांनी घरात तीन दिवस मौन पाळलं होतं. चौथ्या दिवशी मी गणवेश शिवायला टाकून आले. आज अकरा वर्षं झाली, अहमदपूर-लातूर गाडीत माझ्या नजरेतून सुटून कुणी शेंगेचं टरफलसुद्धा खाली टाकू शकत नाही.

त्यामुळं नांदेडच्या कराटे स्पर्धेत मी माझ्या लेकीबरोबर उतरणार, असं घरात जाहीर केलं तेव्हा नवऱ्यानं वाद घातला नाही. हरिओमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हातातली तांब्याची तार खाली न ठेवता तो एवढंच म्हणाला, "कुणाला लागणार न्हाई एवढं बग."

लागलं. पण ते शेवटी.

शिवांगी, म्हणजे आमची लेक, पाचवीपासून लातूरला माझ्या बहिणीकडं, सिंधुकडं राहते. लेकराला शिकायला लातूरला ठेवायचं हा आमच्याकडचा रिवाजच. ज्याला परवडतं तो ठेवतो, ज्याला परवडत नाही तो आधी ठेवतो आणि मग परवडवतो. तिथं तिनं कराटे लावलं. पहिली दोन वर्षं ती फोनवर सगळं सांगायची, कुणाला कसं पाडलं, कुणी आपल्याला कसं पाडलं. मग ती मोठी झाली. मोठी झाली म्हणजे फोनवर तीनच शब्द उरले: हो, नाही आणि बरं. जेवलीस का, हो. काही पाहिजे का, नाही. कराटे कसं चाललंय, बरं. सुटे नाहीत म्हणून भांडणारा प्रवासीसुद्धा माझ्याशी याच्यापेक्षा जास्त बोलतो.

मला ते लागायचं. रोज लातूरला जाणारी बाई मी, आणि पोरगी रोज दिसत नाही. माझी गाडी साडेअकराला लातूरला लागते, सव्वाबाराला परत निघते, आणि तेवढ्या वेळात ती शाळेत असते. रविवारी तिची परीक्षा नसली तर माझी ड्युटी असते. शेवटी मी ठरवलं की पोरीशी बोलायला विषय पाहिजे, तर तिचाच विषय शिकून घ्यायचा. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी अहमदपुरात कराटे लावलं.

आमचे बसवंत सर मार्केट यार्डातले मापाडी. उभा जन्म पोती काट्यावर ठेवण्यात गेला. तरुणपणी नांदेडला एका सरांकडं कराटे शिकले, आणि गेली तीस वर्षं यार्डातल्या चार नंबरच्या शेडात संध्याकाळी पोरांना शिकवतात. बोलतात कमी. पोतं काट्यावर ठेवलं की आकडा दिसतो, त्यात बोलायचं काय, असा त्यांचा स्वभाव. मी पहिल्या दिवशी पांढरा ड्रेस घालून पोरांच्या रांगेत उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "रेणुकाबाई, ओरडा बगू एकदा."

कराटेत ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं, त्याला किआय म्हणतात. मी ओरडले. शेडातली सगळी कबुतरं उडून गेली. सर म्हणाले की हे शिकवायची गरज नाही, बाकीचं बघू. तोलही मला शिकवावा लागला नाही. दोन्ही हात तिकीट मशीनला, कशालाही न धरता चाकूरच्या रस्त्यावर अकरा वर्षं उभी आहे मी.

आता काता म्हणजे काय ते सांगते. समोर कुणी नसताना, चहूबाजूंनी माणसं धावून आली असं समजून, ठरलेल्या क्रमानं एकट्यानं लढायचं. डावीकडं वळा, अडवा, मारा. मागं फिरा, अडवा, मारा. पावलं ठरलेली, वळणं ठरलेली, ओरडायच्या जागासुद्धा ठरलेल्या. मी दोन वर्षांत हिरव्या पट्ट्यापर्यंत पोहोचले आणि पहिली काता तर झोपेतून उठवलं तरी करीन अशी पक्की केली.

आणि तेवढ्यात नांदेडच्या स्पर्धेचं पत्रक आलं. त्यात एक नवा गट होता: आई आणि मुलगी. दोघींनी शेजारी उभं राहून एकच काता एकत्र करायची. मुलगी चौदाच्या आतली पाहिजे. स्पर्धा नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि शिवांगीला चौदा पूर्ण होणार डिसेंबरात. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. पुढच्या वर्षी ती माझ्या शेजारी उभी राहायला तयार असली तरी गट नसणार, आणि तयार असेल याची खात्री कुणी द्यावी!

मी फोन केला. ती म्हणाली, "पण आई, सगळे हसतील ना." मी म्हटलं, हसू देत, फुकट तर हसतील. ती म्हणाली, "बघू."

हा चौथा शब्द होता. मी तो होकार धरला आणि फॉर्म भरून टाकला.

फॉर्मवर कातेचं नाव लिहायचं होतं. आमच्या सरांची पद्धत शोतोकान, त्यात पहिल्या कातेला हेइआन शोदान म्हणतात. शिवांगीची पद्धत शितो-र्‍यू, त्यात तीच काता पिनान निदान. बाईला माहेरचं एक नाव असतं आणि सासरचं एक, त्यातलाच प्रकार. बाई तीच. मी माझ्यापुढं आमचं आणि तिच्यापुढं तिचं, अशी दोन्ही नावं लिहिली. नाव बदललं की बाईही थोडी बदलते, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

स्पर्धेला पंधरा दिवस असताना एक रविवार मोकळा मिळाला. सिंधुच्या गच्चीवर आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. शिवांगी डाव्या बाजूला, मी उजव्या. मला इतका आनंद झाला होता की मी सिंधुला दोनदा फोटो काढायला लावला. मग सुरू केलं.

पहिल्याच वळणाला मी पाय लांब टाकून, गुडघा वाकवून, हात झाडूसारखा खाली फिरवला. शिवांगीनं पाय जवळच ठेवले, मांजर दबा धरते तशी उभी राहिली आणि मूठ वरून हातोडीसारखी आपटली. मला वाटलं, पोरगी चुकली. तिला वाटलं, आई चुकली. आम्ही दोघींनीही मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. पुढं तीन पावलं सरळ जायची होती. माझी पावलं लांब, तिची आखूड. तिसऱ्या पावलाला मी पाण्याच्या टाकीपाशी पोहोचले आणि ती अजून कपड्यांच्या दोरीखालीच! त्या तिसऱ्या पावलाला आम्ही अहमदपूरवाले जरा उजवीकडं सरकतो. मी सरकले, आणि सिंधुनं वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगांत उभी राहिले. शेवटच्या चार हालचालींना मी पंजे उघडे ठेवून मागच्या पायावर बसले, तर शिवांगी पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखी खाली गेली आणि मुठी आवळून.

शिवांगीनं विचारलं, "आई, हे मधेच बाजूला काय सरकतेस?"

"काता तशी आहे."

"तशी नसतेच."

"सरांनी शिकवली तशी करते मी."

"मग सरांनी चुकीची शिकवली."

हे मला सहन झालं नाही. ज्या माणसानं या वयात मला हिरवा पट्टा बांधला, त्याला चुकीचा म्हणते! मीही मग तिच्या अमरेश सरांचा उद्धार केला. माणसांना मांजरासारखं उभं राहायला शिकवतो, हा काय सर झाला, असं काहीतरी बोलले. शिवांगीचा चेहरा एवढासा झाला. तिनं पट्टा सोडला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "तुला जमणार नसेल तर राहू दे आई. नाव काढून घेऊ."

"नाव निघणार नाही," मी म्हणाले. "आता नांदेडलाच भेटू."

सिंधुनं आणलेला चहा आम्ही दोघींनी दोन कोपऱ्यांत उभं राहून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी मल्लेशला सगळं सांगितलं. मल्लेश आमचा ड्रायव्हर, देगलूरकडचा, मला अक्का म्हणतो. त्यानं अख्खं ऐकून घेतलं आणि चाकूर ओलांडल्यावर बोलला. "अक्का, माझ्या घरी आई पप्पू करती, बायको वरण करती. डाळ एकच. मी दोन्ही खातो आन तोंड उघडत न्हाई."

त्या वाक्यानं माझा राग उतरला. खरंच, डाळ एकच होती. आणि दोघींतली मोठी कोण? मी. पोरगी आयुष्यात एकदाच माझ्या शेजारी उभी राहणार, तर मी तिच्यासारखी उभी राहीन, त्यात माझं काय जातं! बारा दिवस हातात होते. मी मनावर घेतलं. आणि मी मनावर घेतलं की काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

त्या दिवशी लातूरला गाडी लावून मी थेट अमरेश सरांच्या हॉलवर गेले. हॉल बसस्टँडच्या मागच्याच गल्लीत. सर तिशीतला मुलगा, भिंतभर आरसा, जमिनीवर चटया. खाकी गणवेशातली बाई आत आलेली बघून आपण गाडीत काही विसरलो की काय, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, मी शिवांगीची आई, मला तुमची पिनान निदान शिकवा, रोज पंचवीस मिनिटं, आणि तिला यातलं काही कळता कामा नये.

"काकू, नवीन शिकवायला अवघड न्हाई," तो म्हणाला. "जुनं विसरायला लई अवघड."

त्याचं खरं निघालं. माझे पाय लांबच पडायचे. मग मी गाडीत सराव सुरू केला. चालत्या गाडीत, मधल्या वाटेत, पाय जवळ आणि टाच उचललेली, अशी मांजरासारखी उभी राहून तिकिटं फाडू लागले. एका म्हाताऱ्या बाबांनी उठून मला जागा दिली आणि पाय कधीपासून दुखून राहिला ते विचारलं. घोड्यावर बसायची बैठक मी मागच्या मोकळ्या बाकासमोर करायची. पहिल्या दिवशी गुडघे असे वाजले की मल्लेशनं गाडी बाजूला घेऊन खाली वाकून बघितलं.

सगळ्यात चिवट निघालं ते तिसरं पाऊल. पाय आपोआप उजवीकडं जायचा. शेवटी अमरेश सरांनी माझ्या उजव्या बाजूला लोखंडी खुर्च्यांची रांग लावली. चार दिवस नडग्या सोलून घेतल्यावर पाचव्या दिवशी पाय सुतासारखा सरळ गेला. मी आरशात स्वतःलाच वाकून नमस्कार केला.

एकच गोष्ट मनाला खात होती. बसवंत सरांना मी ज्यादा ड्युटी आहे असं सांगून शेडात जाणं बंद केलं होतं. गुरूशी खोटं बोलले, आणि ते गुरूचीच काता विसरण्यासाठी. पण लेकीसाठी बोलले, असं स्वतःला समजावलं.

स्पर्धेच्या सकाळी मी पहिल्या गाडीनं नांदेडला पोहोचले. हॉल पांढऱ्या ड्रेसांनी नुसता गजबजला होता. बसवंत सरही आले होते, इस्त्री केलेल्या ड्रेसमध्ये, काळा पट्टा धुऊन धुऊन राखाडी झालेला. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. शिवांगी तिच्या क्लासच्या जीपमधून उतरली. गच्चीनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. ती हळूच म्हणाली, "आई, तू काळजी करू नको."

"तूच करू नको," मी म्हणाले.

दोघींनीही गूढ हसून एकमेकींकडं बघितलं. मला वाटलं, पोरीनं माझं मन ओळखलं. तिला तेव्हा काय वाटत होतं, ते मला तासाभरानं कळलं.

आमच्यासमोर औशाची जोडी होती. पंच पाच, प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक निळा झेंडा. ज्यांची काता आवडली त्यांचा झेंडा वर. औशाच्या मायलेकींनी आधी काता केली. एकीच्या हाताला दोरी बांधून दुसरीचा हलवावा, इतक्या बरोबर होत्या दोघी. टाळ्या पडल्या. मग आमचा पुकारा झाला.

आम्ही वाकून नमस्कार केला. शिवांगी पुन्हा माझ्या डाव्या हाताला. आता कातेचं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. मी पोटातून ओरडले, "पिनान निदान!" त्याच क्षणी शिवांगी ओरडली, "हेइआन शोदान!" मला भरूनच आलं. पोरीनं आईकडच्या नावाचा मान ठेवला!

मी डावीकडं वळले, मांजरासारखी उभी राहिले, मूठ हातोडीसारखी आपटली. शाबास म्हणून स्वतःची पाठ थोपटणार, तेवढ्यात शेजारी एक लांब पाय पडलेला दिसला. शिवांगी गुडघा वाकवून, हात झाडूसारखा खाली फिरवत होती. अगदी चार नंबरच्या शेडातल्यासारखी.

आमची नजरानजर झाली. मला सगळं समजलं. तिलाही समजलं. आणि तिथंच घात झाला, कारण आम्ही दोघी एकाच हाडाच्या. ती माझी करते आहे तर आपण आपलीच करू, असं म्हणून मी दुसऱ्या वळणाला पाय लांब टाकला. मी तिची करते आहे असं बघून तिनं पाय जवळ घेतले. तिसऱ्या वळणाला मी पुन्हा मांजर, ती पुन्हा लांब! गाडीच्या मधल्या वाटेत दोन माणसं समोरासमोर येतात, दोघंही एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या, तसं आमचं चाललं होतं. फरक एवढाच की गाडीत मी मधे पडून एकाला बसवते.

बास झालं, मी मनाशी म्हटलं. आता काही झालं तरी लातूर सोडायचं नाही. दात-ओठ खाऊन मी सरळ पुढं निघाले. नेमकं त्याच क्षणी, काही झालं तरी अहमदपूर सोडायचं नाही, असं शिवांगीनं ठरवलं होतं. तिची पावलं आता लांब, माझी आखूड. दोन पावलांत ती माझ्या पुढं गेली. आणि तिसऱ्या पावलाला, बसवंत सरांच्या शिकवणीप्रमाणं, ती सफाईनं उजवीकडं सरकली आणि थेट माझ्यासमोर आली. मी सरळ चाललेले. खुर्च्यांनी सरळ केलेला पाय कशाला वळतोय! मी जाऊन तिच्या पाठीवर आदळले.

किआय करायची जागा नेमकी तीच. तोंड उघडलं, श्वास पोटातून आला, आणि अकरा वर्षांची सवय बाहेर पडली. "पुढं सरकाऽऽ!"

शिवांगी खरंच पुढं सरकली. एक पंचही सरकले.

पण काता आम्ही अर्धी टाकली नाही, हे मी अभिमानानं सांगते. अख्खा हॉल हसत असताना आम्ही दोघींनी शेवटापर्यंत नेली. शेवटच्या बैठकीला मी घोड्यावर बसले ती बसलेच. गुडघे उठेनात. शिवांगीनं उघडा पंजा तसाच फिरवून माझ्या काखेत घातला आणि मला वर ओढलं. मग आम्ही नमस्कार केला.

पाच झेंडे औशाकडं गेले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मुख्य पंचांनी मात्र आम्हाला टेबलाजवळ बोलावलं. पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ होते. तुम्ही नेमकी कोणत्या स्कूलची काता करत होता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, लातूरची. शिवांगी म्हणाली, अहमदपूरची. त्यांनी फॉर्म बघितला, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला.

"कागदावर उलटं हाय," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही एकमेकींची काता करून राहिल्या होत्या?"

मी शिवांगीकडं वळले. कुठं शिकलीस म्हणून विचारलं. तिनं मान खाली घातली. बसवंत सरांना फोन केला होता म्हणाली. सर रोज सकाळी शेडातून एक व्हिडिओ पाठवायचे, आणि ती शाळेच्या आधी गच्चीवर करायची. आईला सांगू नका, अशी सरांना शपथ घातली होती.

"तू दोन वर्षं माझ्यासाठी शिकलीस," ती म्हणाली, "आणि मी तुझ्या कातेला चुकीची म्हणाले. मला लई वाईट वाटलं, आई."

मला रडू फुटलं. रुमाल पर्समध्ये राहिला होता, म्हणून मी पट्ट्यानंच डोळे पुसले, जे कराटेत अजिबात चालत नाही. पाचही पंच दुसरीकडं बघू लागले.

तिथंच संपलं असतं, पण शेवटच्या पंचाला एक शंका होती. बाकी सगळं समजलं, पण हे तिसऱ्या पावलाला उजवीकडं सरकणं कोणत्या परंपरेतलं? त्यांनी ते कुठंच पाहिलेलं नव्हतं. दुसरे म्हणाले की जुन्या काळी समोरून भाला यायचा, तो चुकवायची ही पद्धत असावी. तिसऱ्यांचं म्हणणं पडलं की ही कराटे जिथं जन्मलं त्या मूळ बेटावरची दुर्मिळ चाल दिसते, कुठंतरी जपली गेली असेल. चौथ्यांनी मोबाइल काढून शिवांगीला ते पाऊल पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मी छाती फुगवून उभी राहिले. आमच्या सरांची काता म्हणजे काय समजलात!

मागून बसवंत सर सावकाश पुढं आले. त्यांनी घसा साफ केला.

"साहेब," ते म्हणाले, "तितं खांब हाय."

कुणाला काही कळलं नाही.

"मार्केट यार्डात. चार नंबरच्या शेडात. सरळ गेलं की डोकं लागतंय."

मी डोळे मिटले आणि मला तो खांब दिसला. लोखंडी, हिरवा, शेडाच्या बरोबर मधोमध. त्याच्या खिळ्याला मी दोन वर्षं रोज पर्स अडकवत होते! आणि गच्चीवर, अंगणात, ग्राउंडवर, जिथं म्हणून काता केली तिथं त्याला वळसा घालत होते. मीच काय, तीस वर्षांतली सगळी पोरं घालत होती. मी सरांना विचारलं की तुम्ही हे आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, "कोणी इचारलंच न्हाई."

मग सरांना आणखी आठवलं. त्यांचे नांदेडचे सर चौथ्या वळणाला दोन श्वास थांबायचे, म्हणून बसवंत सरही थांबतात, आम्हीही थांबतो. ते सर पान थुंकायला थांबायचे, हे बसवंत सरांना फार उशिरा कळलं, तोवर सवय झाली होती. यावर पाचही पंच हसले. म्हणजे चार हसले. मुख्य पंच एकदम टेबलावरचे कागद आवरू लागले. तेही त्याच सरांचे शिष्य निघाले.

परतीच्या गाडीत शिवांगी माझ्याबरोबर अहमदपूरपर्यंत आली. तीन शब्दांची पोरगी दोन तास बोलत होती. तुझी पावलं लांब आहेत पण जोर चांगला येतो, माझी आखूड आहेत पण वळायला बरी, असं सगळं तिनं मला बोटांनी सीटच्या पाठीवर चालवून दाखवलं. गाडीतल्या कंडक्टरनं आम्हाला दोनदा हळू बोलायला सांगितलं. मी त्याला माफ केलं.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, चौदा पूर्ण व्हायला आठ दिवस असताना, शिवांगी शेडात आली. अहमदपूरची काता अहमदपुरातच करून बघायची होती तिला. सोयाबीनची आवक जोरात होती, तीन बाजूंना पोत्यांच्या थप्प्या, मधे कसाबसा आमच्यापुरता चौक. सर काट्यावर बसून बघत होते. मी म्हटलं, थांब, आधी मी करून दाखवते, म्हणजे तुला अंदाज येईल. दोन वर्षं इथंच घासली आहे मी ही काता, डोळे मिटून करते बघ!

डोळे मिटले आणि निघाले. डावीकडं वळले, मागं फिरले, पावलं छान लांब पडली. मग पहिलं पाऊल सरळ, दुसरं पाऊल सरळ. तिसऱ्या पावलाला पाय सुतासारखा सरळ गेला, अमरेश सरांनी लोखंडी खुर्च्या लावून शिकवला होता तसा.

आवाज यार्डाच्या गेटपर्यंत गेला म्हणतात. कबुतरं पुन्हा उडाली.

सर काट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "लातूरची काता हितं चालत न्हाई, रेणुकाबाई," एवढंच म्हणाले. शिवांगी पोत्यांवर पडून हसत होती. पोट दुखेपर्यंत हसली, मग उठली, माझ्या कपाळावर तळवा दाबून धरला आणि म्हणाली, "ऊठ आई. परत एकपासून. दोघी मिळून."

आम्ही दोघींनी केली. तिसऱ्या पावलाला दोघीही उजवीकडं सरकलो, एका वेळी, एका मापानं. झेंडे दाखवायला तिथं कुणी नव्हतं.

सोमवारी ड्युटीवर गेले तेव्हा कपाळावर बोराएवढं टेंगूळ होतं, आणि ते निळं पडलं होतं. मल्लेशनं आरशातून बघितलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "अक्का, कराटेत लागलं काय? समोर कोण होतं?"

"चांगला बारा फुटी होता," मी म्हणाले. "जागचा हलला नाही."

खोटं काहीच नव्हतं त्यात. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच, मी काही न सांगता, दारातले सगळे प्रवासी पुढं सरकले.